ओरखडा आणि अलंकार

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बाजारातून फेरफटका मारला तर पणत्यांचे दोन वर्ग दिसतात. एक वर्ग गोणपाटावर ढीग करून बसलेला असतो. भाजलेल्या मातीच्या रंगाचा, डझनाच्या हिशेबाने विकला जाणारा, काठाला कुंभाराच्या बोटाचा दाब जसाच्या तसा राहिलेला. दुसरा वर्ग पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागदाच्या कात्रणांच्या गादीवर विसावलेला असतो. त्याला हिरवा-जांभळा तैलरंग दिलेला, वर सोनेरी चमकी आणि काठाभोवती आरशांचे तुकडे. गिऱ्हाईक अर्थातच दुसऱ्या वर्गापुढे अधिक रेंगाळते. मुले तर तेथून हलतच नाहीत, आणि मुलांच्या आवडीला नाके मुरडणाऱ्या माणसाने समीक्षा लिहू नये असे माझे मत आहे.

पण एक गोष्ट सांगतो. ढिगातली पणती घरी आणली की आपल्या आया-आज्या ती रात्रभर पाण्यात घालून ठेवत. आजही पुष्कळ घरांत ठेवतात. माती पाणी पिऊन तृप्त झाली की मग ती तेल पीत नाही. रंगवलेल्या पणतीला हा पाहुणचार सोसत नाही. पाण्यात घातली की सकाळी रंगाचे पोपडे तरंगताना दिसतात. म्हणजे त्या पणतीवर जी नक्षी आहे ती पणतीची नव्हेच; ती पणतीवर येऊन बसलेली एक परकी वस्तू आहे. पोपडा निघाला की खाली पुन्हा तीच डझनावारी पणती.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो केवळ पणतीचा नाही. अलंकार हा वस्तूच्या अंगचा असतो की तो वरून घालायचा असतो, हा तो प्रश्न. कवितेच्या बाबतीत आपण त्यावर शतकानुशतके भांडत आलो आहोत. मडक्याच्या बाबतीत कोणी भांडत नाही, कारण मडक्याला आपण कलेच्या पंक्तीला बसवलेलेच नाही. मला मात्र असे वाटते की हा प्रश्न कवितेपेक्षा मडक्यावर अधिक स्वच्छपणे सोडवता येतो. कारण मडके खोटे बोलले तर ते हाताला कळते.

यासाठी मी एका जुन्या कारागिरीचा आधार घेणार आहे. तिला इटालियन भाषेत स्ग्राफितो म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी खरवडणे, ओरखडणे हा अर्थ आहे. भिंतींवर खरडलेल्या मजकुराला जगभर ग्राफिती म्हणतात, तो शब्दही याच घरातला. फ्लॉरेन्स शहरातील वाड्यांच्या दर्शनी भिंतींवर गडद गिलावा करून त्यावर पांढरा हात देत आणि तो खरवडून खालच्या गडद रंगात चित्रे उमटवीत. व्हसारीने सोळाव्या शतकात चित्रकारांच्या चरित्रांचा जो ग्रंथ लिहिला त्यात ही कृती नोंदवून ठेवली आहे. पण भिंतीच्या कितीतरी आधीपासून हे काम मडक्यावर चालत आले आहे, आणि माझ्या मते त्याचे खरे घर मडके हेच होय.

कृती सांगायला सोपी आहे. चाकावरून उतरवलेले भांडे सावलीत ठेवायचे. ते चामड्याइतके ताठ झाले, म्हणजे उचलले तर वाकत नाही पण नख दाबले तर उमटते, की त्यावर दुसऱ्या रंगाच्या पातळ मातीचा लेप द्यायचा. तांबड्या अंगावर पांढरा, करड्या अंगावर काळा. लेपाची ओली चकाकी गेली की टोकदार काडीने किंवा सुईने ओरखडायचे. वरची माती निघते, खालची दिसते. मग भाजायचे, हवी तर वरून पारदर्शक झिलई द्यायची. एवढेच. पण यातील प्रत्येक पायरीला तिची वेळ आहे. लेप फार ओला असताना सुई लावली तर ती माती ओढत जाते आणि रेघेच्या दोन्ही काठांना चिखल साचतो. फार वाळल्यावर लावली तर रेघ तुटते, कपचे उडतात. लेपाची माती आणि अंगाची माती वाळताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर भट्टीत लेप सालीसारखा सुटतो. रेघेच्या काठाला निघालेला चुरा लगेच झटकू जाल तर रेघच बुजते. तो पूर्ण वाळेपर्यंत हात आवरावा लागतो. चांगला कुंभार हा निम्मा वेळ थांबण्यात कुशल असतो.

आणि या कामात खाडाखोड नाही. चित्रकाराला चुकलेल्या रेषेवर रंगाचा दुसरा हात देता येतो; आम्हा लेखकांना तर कागदाची सोय आहे, हवा तितका फाडावा. ओरखडणाऱ्याची रेघ एकदा गेली की गेली. तिच्यावर पुन्हा लेप चढवला तर ते ठिगळ भाजल्यावर दिसून येते.

या ठिकाणी मला आपल्या भाषेतील एक गोष्ट आठवते. संस्कृतात ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ लिहिणे हा नव्हेच. ओरखडणे, खरवडणे, रेघ ओढणे हा आहे. लेखन, लेखणी, आलेख हे सारे त्या ओरखड्याचे वंशज. इंग्रजीत लिहिण्याला जो शब्द आहे त्याचीही मूळ कहाणी तीच. माणूस आधी ओरखडला आणि मग लिहू लागला. ताडपत्रावर तर दोन्ही एकदमच होत असे: लोखंडी टोकाने अक्षर कोरायचे आणि वरून काजळी चोळायची म्हणजे ते दिसू लागते. शाळामास्तर या नात्याने याचा पुरावा मी रोज पाहतो. दरवर्षी सुट्टीत बाकांना गडद पॉलिश होते, आणि दिवाळीपर्यंत कंपासपेटीतल्या कर्कटकाने त्यावर नावे, बाण, क्रिकेटचे धावफलक कोरलेले असतात. गडद पॉलिशखालचे पांढरे लाकूड रेघेरेघेतून डोकावते. शिक्षक म्हणून मी रागावतो. परंतु ज्या मुलाच्या वहीतले अक्षर निर्जीव असते त्याच मुलाचे बाकावरचे अक्षर जिवंत असते, हेही मी पाहिले आहे. लाकूड विरोध करते. त्या विरोधाने अक्षराला कणा येतो. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या पुस्तकात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम सांगितले. काळ्यावर पांढऱ्याचा विरोध त्या चौकटीत नेमका बसतो. पण सुईला मातीने केलेला विरोध तेथे बसवायला मला जागा सापडत नाही; आणि ओरखड्याचे निम्मे सौंदर्य तर त्यातच आहे.

आता उदाहरणे पाहू. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला उत्तर डेव्हन नावाचा मुलूख आहे. बार्नस्टेपल आणि बिडफर्ड ही तेथील बंदरे. तेथील माती तांबडी, आणि जवळच पांढऱ्या मातीचीही खाण. एवढे वैभव शेजारी-शेजारी असल्यावर कुंभारांनी तांबड्यावर पांढरा लेप देऊन ओरखडायला सुरुवात केली नसती तरच नवल. वरून शिशाची झिलई, त्यामुळे पांढरा रंग मधासारखा पिवळा होतो आणि रेघ तपकिरी दिसते. सतराव्या शतकात या भांड्यांनी गलबते भरभरून अमेरिकेच्या वसाहतींकडे जात. व्हर्जिनियातील जेम्सटाउनच्या उत्खननात त्यांचे तुकडे मोठ्या प्रमाणावर निघाले, आणि माल्कम वॉटकिन्स नावाच्या अभ्यासकाने १९६० मध्ये त्या सगळ्या व्यापाराचा माग काढून दाखवला.

या भांड्यांतील सर्वांत लाडके म्हणजे सुगीचे घडे. कापणी संपली की शेतावरच्या गड्यांना मद्य पाजायचे, त्यासाठीचे हे मोठे पोटाचे, कानाचे घडे. पोटावर शिडे फुगलेली जहाजे, होकायंत्राची चक्रे, राजचिन्हातले सिंह, फुलांच्या वेली. आणि बहुधा कोठेतरी मालकाचे नाव, साल आणि चार-सहा ओळींचे पद्य. पद्यात घडा स्वतःच बोलतो. सुगी आली आहे, मी तुमच्या तहानेसाठी आलो आहे, अशा थाटाचे ते बोलणे. शुद्धलेखनाची पूर्ण वाताहत झालेली असते. कुंभार जसे बोलतो तसे लिहितो. ओळ संपत आली आणि जागा उरली नाही तर शेवटचा शब्द खुशाल खालच्या ओळीत ढकलून देतो. वहीत हे आले असते तर मी तांबडी शाई हातात घेतली असती. घड्यावर ते पाहताना तांबड्या शाईची आठवणही होत नाही. अक्षराच्या वळणात सुई कोठे अडली, कोठे घसरली, कोठे घाईने पळाली हे तीनशे वर्षांनंतरही जसेच्या तसे दिसते. एखाद्या कादंबरीकाराला आपला एक तरी परिच्छेद इतका जवळून वाचला जावा अशी इच्छा झाली तर त्यात त्याचा दोष नाही.

(जाता जाता: त्याच मुलखात सफरचंदाचे मद्य पिणाऱ्यांना पोटात कळा येण्याचा एक रोग होता, इतका की त्याला ‘डेव्हनची कळ’ असेच नाव पडले. जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवून दिले की त्याचे कारण रस काढण्याच्या घाण्यांत वापरलेले शिसे हे होते. आंबट रस शिसे विरघळवतो. शिशाच्या झिलईचे जुने भांडे कोणाकडे असलेच तर ते पाहावे, त्यात लोणचे घालू नये.)

चीन आणि कोरिया यांची मातब्बरी या विषयात मोठी आहे, पण मी त्यांच्याजवळून लवकर पुढे जाणार आहे. चीनमधील त्सिझोउ भट्ट्यांत दहाव्या ते तेराव्या शतकांत पांढऱ्या लेपावर काळा लेप देऊन, काळा खरवडून काढून, काळीभोर फुले मागे ठेवीत. आणि हा माल दरबारचा नव्हे, सामान्य घरांचा होता. कोरियात पंधराव्या-सोळाव्या शतकांत फुलाच्या वा मासळीच्या भोवतालची पांढरी माती खरवडून आकृती तेवढी उरू देत. १५९२ ते १५९८ च्या स्वाऱ्यांत जपानी सैन्याने तेथील कुंभारच पकडून नेले. एखाद्या कलेची यापेक्षा भयंकर दाद कोणी दिली नसेल.

मात्र ओरखडला म्हणून कोणताही घडा सुंदर होतो असे मुळीच नाही. लंडनच्या लॅम्बेथ भागातील डोल्टनच्या कारखान्यात गेल्याच्या गेल्या शतकात, १८७० नंतरच्या काळात, हॅना बार्लो नावाची चित्रकर्ती ओल्या मातीवर प्राणी कोरीत असे. घोडे, हरणे, मेंढरे. तिची रेघ विलक्षण आहे. घोड्याच्या मानेतला ताण ती एका ओढीत पकडते. आणि तरीही ती फुलदाणी पाहताना मला सतत वाटत राहते की हे चित्र कागदावर असते तरी काही बिघडले नसते. घोडा फुलदाणीभोवती धावतो, पण फुलदाणी आहे याचा त्याला पत्ता नाही. आपल्या मुंबईच्या कलाशाळेतही त्याच सुमारास जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली मातीकाम सुरू झाले होते, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरच्या आकृती घड्यांवर उतरवल्या जात होत्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या कलाशाळेची भांडी आहेत. पाहण्यासारखी आहेत, जरूर पाहावीत. पण अजिंठ्याची स्त्री घड्याच्या पोटावर अवघडून बसलेली आहे असे मला प्रत्येक वेळी वाटले. लेण्यातल्या भिंतीने तिला जी प्रशस्त जागा दिली ती घडा देऊ शकत नाही, आणि घडा जी गोलाई देतो ती तिला नको आहे.

येथे कोणी मला अडवील. डेव्हनचे जहाज तरी घड्याच्या गोलाईला काय विचारते? तेही चित्रच! आक्षेप बरोबर आहे. त्या जहाजाला घड्याशी बांधणारी गोष्ट आकार नव्हे, उपयोग आहे. सुगी, तहान, मालकाचे नाव, गड्यांची पंगत हे सारे त्या ओरखड्यांत आहे. दुसऱ्या कोणत्या वस्तूवर ते शोभलेच नसते. म्हणून माझा नियम थोडा सैल करून मांडतो. नक्षी वस्तूला आकाराने तरी बांधलेली असावी किंवा उपयोगाने तरी. बार्लोच्या घोड्याला दोन्ही बंध नाहीत. आणि बाजारातल्या रंगीत पणतीला? प्रसंग आहे, हे कबूल. पण आत कारखान्यातून मेण ओतून आलेली आणि तेल-वात न पाहिलेली ती पणती उपयोगाने बांधलेली आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आकाराने बांधलेल्या ओरखड्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण पाहायचे तर ल्यूसी री हिच्याकडे गेले पाहिजे. ही १९०२ मध्ये व्हिएन्नात जन्मलेली ज्यू बाई. तेथे तिचे नाव झाले होते. पण १९३८ मध्ये नाझी आले आणि तिला लंडन गाठावे लागले. हाइड पार्कजवळ अल्बियन म्यूज नावाच्या गल्लीत, जेथे पूर्वी घोड्यांचे तबेले असत, तिने लहानशी कार्यशाळा थाटली आणि जवळजवळ पन्नास वर्षे तेथेच काम केले. युद्धाच्या काळात मडक्यांना कोण विचारतो? तिने शिंप्यांसाठी मातीची बटणे केली, हजारोंनी. १९४६ मध्ये त्या बटणांच्या कामाला मदतनीस म्हणून हान्स कोपर हा तरुण निर्वासित आला. त्याला मातीकामाचा ओ की ठो येत नव्हता. पुढे तो विसाव्या शतकातील थोर कुंभारांपैकी एक झाला. बर्नार्ड लीच हे त्या वेळी इंग्रजी मातीकामातले सर्वांत वजनदार नाव. त्यांना तिची पातळ भांडी रुचली नाहीत. काही काळ तिने त्यांच्या धर्तीवर करूनही पाहिले. कोपरने तिला सांगितले की तुझ्या वाटेने जा, आणि ती गेली.

१९४८ च्या सुमारास दोघे एव्हबरी येथील संग्रहालयात गेले होते. तेथे नवाश्मयुग आणि कांस्ययुगातील खापराचे वाडगे होते, अंगावर ओरखड्यांच्या साध्या रेघा ओढलेले; शेजारी पक्ष्यांची हाडे ठेवलेली, कदाचित याच हाडांनी त्या रेघा ओढल्या असतील म्हणून. री परतली आणि तिने सुई हातात घेतली. तेव्हापासून तिच्या भांड्यांवर ओरखडा आला.

तिच्या एखाद्या वाडग्याचे चित्र समोर धरतो. (मी ते चित्रांतून आणि चित्रपटांतूनच ओळखतो, पण माती ओळखणाऱ्याला चित्रही पुष्कळ सांगते.) अरुंद, बोटभर उंचीची बैठक, तिच्यावरून एकदम उमलत गेलेला पातळ वाडगा. वरून मँगनीजचा गडद तपकिरी, जवळजवळ काळा लेप. आणि त्यातून तळापासून काठापर्यंत गेलेल्या शेकडो बारीक पांढऱ्या रेघा. पट्टी लावून ओढलेल्या नव्हेत. एक एक हाताने ओढलेली. तळाशी त्या दाटीने जमलेल्या असतात आणि वाडगा रुंदावत जातो तसतसे त्यांच्यातले अंतर वाढत जाते. चाकावर मातीच्या गोळ्यापासून तो वाडगा ज्या दिशेने उमलला असेल त्याच दिशेने रेघ जाते. एखादी मध्येच किंचित कापते, एखादी शेजारणीच्या फार जवळ येते आणि सावरते. रेघा मोजून सारख्या केल्या असत्या तर वाडगा मेला असता. काठाशी मँगनीज वितळून सोनेरी-काशाचा ओघळ रेघांच्या टोकांत उतरलेला असतो. तेवढा एकच दागिना, आणि तोही भट्टीने घातलेला.

या नक्षीला फूल नाही, पान नाही, पक्षी नाही, अर्थ नाही. पण ती वाडग्यावरून काढून कागदावर ठेवा. काही उरत नाही. मला हवी होती ती कसोटी हीच. री आपली भांडी आधी भाजून मग झिलई देत नसे. कच्च्या भांड्यालाच झिलई लावून विजेच्या भट्टीत एकदाच भाजत असे. एक भाजणे, एक रेघ, दुसरी संधी नाही. १९८२ मध्ये डेव्हिड अॅटनबरो यांनी तिच्यावर बीबीसीसाठी चित्रपट केला. ऐंशी वर्षांची ती बाई भट्टी उघडून आत वाकते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची उत्सुकता निकालाच्या दिवशीच्या मुलाची असते. १९९५ मध्ये ती वारली. तिची कार्यशाळा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नेऊन मांडलेली आहे.

परंतु री माझ्यापुढे एक अडचणही उभी करते. तिच्या काही वाडग्यांत आतल्या बाजूला काळ्यातून खरवडलेल्या पांढऱ्या रेघा आहेत, तर बाहेरच्या बाजूला पांढऱ्या अंगावर रेघा कोरून त्यांत काळे भरले आहे. म्हणजे आत काढले, बाहेर भरले. उभ्या-आडव्या रेघांचे ते विणकामच जणू. मग भरणे ही वरून घालण्याचीच क्रिया नव्हे काय? आणि तसे असेल तर माझा पणतीवरचा राग कोणत्या तोंडाने चालू ठेवायचा?

याचे उत्तर मला घरातल्याच एका सुरईत सापडते. उत्तर प्रदेशात आझमगडजवळ निझामाबाद नावाचे गाव आहे. तेथील काळी भांडी प्रसिद्ध आहेत. २०१५ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२२ मध्ये जर्मनीतील जी-७ परिषदेच्या वेळी आपल्या पंतप्रधानांनी जपानच्या पंतप्रधानांना भेट दिली ती याच गावची. तळ्यातली माती, वर वनस्पतींच्या पाल्या-सालींच्या भुकटीचा लेप, मोहरीच्या तेलाचा हात, मग टोकदार काडीने कोरलेली फुलवेल. भट्टीत धूर कोंडून ठेवतात; त्यामुळे भांडे आतून बाहेरून काजळासारखे काळे होते. एवढे झाल्यावर कोरलेल्या रेघांत पारा आणि जस्त यांची चंदेरी भुकटी भरून घासतात. काळ्यावर चांदी झळकू लागते. बिदरच्या धातुकामाची आठवण व्हावी असा थाट येतो.

आमची सुरई हस्तकलेच्या एका प्रदर्शनात घेतलेली. पुष्कळ वर्षे ती बैठकीच्या खोलीत आहे. मुलांचे हात, पुसण्याचे फडके आणि एकदा आलेला पावसाचा झोत यांनी तिच्या एका अंगाची चांदी झडली. सौ. म्हणाली, आता ही फेकायला हरकत नाही. मी ती उचलून खिडकीपाशी नेली. चांदी होती तोवर वेलीची पाने मला सारखी, छापल्यासारखी वाटत होती. झडलेल्या बाजूला कळले की प्रत्येक पानाची सुरुवात खोल आहे आणि शेवट उथळ. काडी दाबून टेकली आहे आणि उचलत नेली आहे. एका ठिकाणी माती थोडी अधिक वाळलेली असावी, तेथे रेघेचा काठ दातरला आहे. चांदीने हे सारे बुजवून सपाट केले होते.

री जेव्हा कोरलेल्या रेघेत काळे भरते तेव्हा ते भांडे अजून कच्चे असते. भरलेले काळे आणि भोवतालची माती एकाच भट्टीत जातात, एकाच आचेत एकजीव होतात, आणि रेघेचा काप भरूनही दिसत राहतो. निझामाबादची चांदी भट्टीनंतर येते. मातीच्या आयुष्यातला शेवटचा निर्णायक प्रसंग संपल्यावर ती दाखल होते, आणि म्हणून ती झडते. तेव्हा भरण्यात दोष नाही. आगीच्या अलीकडे भरले की पलीकडे, हा खरा प्रश्न आहे. शिवाय पारा आणि जस्त भरलेल्या भांड्यात कोणी शहाणा माणूस खायचा पदार्थ ठेवणार नाही. म्हणजे उपयोगाचा बंधही तुटला आणि घडा कपाटात जाऊन बसला.

हे लिहिताना निझामाबादच्या कारागिरांचा अनादर माझ्या मनात नाही. ती काळी माती, तो कोंडलेला धूर, ती काडीची वेल यांत त्यांचा हात कोणाहून उणा नाही. प्रदर्शनातल्या विक्रेत्याला मी विचारले होते की चांदी न भरलेली सुरई आहे काय. तो हसला आणि म्हणाला, “गुरुजी, चांदी भरली नाही तर गिऱ्हाईक विचारते, काम अर्धवट का सोडले?” त्याचे बरोबर होते. पोट त्याचे होते, मत माझे. पण गिऱ्हाईक म्हणजे शेवटी तुम्ही-आम्हीच, आणि ‘अर्धवट’ हा शब्द आपण कोणत्या वस्तूला लावतो यावर पुष्कळ कारागिरांच्या हातांचे काय होणार हे ठरते.

आपल्या देशात ओरखडा आगीविनाही जगतो, तो मात्र मडक्यावर नव्हे, भिंतीवर. झारखंडातील हजारीबागच्या खेड्यांत बायका लग्नासाठी घराच्या भिंती सजवतात. त्या चित्रांना खोवर म्हणतात. आधी मँगनीजयुक्त काळ्या मातीचा हात, तो वाळला की वर पांढऱ्या मातीचा. आणि पांढरा ओला आहे तोवर तुटक्या फणीने किंवा बोटांनी खरवडून काळे बाहेर काढायचे. मोर, हत्ती, मासे, झाडे. फणीला जितके दात तितक्या रेघा एका ओढीत समांतर धावतात, त्यामुळे मोराच्या पिसाऱ्याला वेगळे कौशल्य लागत नाही. फणी वळली की पिसारा झाला. फ्लॉरेन्सच्या वाड्यांवर जी कृती, तीच ही. व्हसारीचे नाव त्या बायकांनी कधी ऐकलेले नाही. त्याच घरांवर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या सोहराईला, गुराढोरांच्या सणाला, रंगीत मातीची चित्रे येतात. २०२० मध्ये सोहराई आणि खोवर या दोन्हींना मिळून भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता ती कागदावर, कापडावरही विकायला येतात. कागदावर फणी तशी चालत नाही. कागदाला खरवडायला खाली दुसरी माती नसते. भिंतीवरची चित्रे पावसाळा धुऊन नेतो, आणि लग्नसराई आली की त्या बायका पुन्हा काळ्या मातीची पाटी भरून आणतात.